बर्फाची सफर ठरवण्याआधी

मुलांना एकदा तरी बर्फ दाखवायचा, ही इच्छा आता आमच्या चितेगावातल्या साध्या घरांतही बोलली जाते. पैठण रोडवरच्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस दोन-तीन वर्षे थोडे थोडे बाजूला टाकतो, मिनतवारीने आठ दिवसांची रजा मिळवतो आणि काश्मीरचे पॅकेज घेतो. मुलांना तर नुसता बर्फ बघायचा नसतो, गुलमर्गच्या उतारावर स्कीही करायची असते. पण रजा पुढे-मागे होत नाही, तिकिटाचे पैसे पुरते परत मिळत नाहीत आणि बर्फ कुणाच्या रजेकडे बघून पडत नाही. म्हणून हवामानाचा अंदाज वाचायला घरातल्या एकाने तरी शिकून घ्यावे.

सुरुवात मोबाईलपासून नको, काश्मिरी माणसांच्या जुन्या हिशोबापासून करू या. तिथे हिवाळ्याचे तीन भाग मानतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलान’, पुढचे वीस दिवस ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि शेवटचे दहा ‘चिल्ला-ए-बच्चा’. उर्दू जाणणाऱ्यांना चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे सांगायला नको. कडाक्याची थंडी पहिल्या चाळीस दिवसांत असते. बर्फाचा थर मात्र हळूहळू साचतो. त्यामुळे स्कीसाठी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. दिवाळीच्या सुट्टीत गुलमर्गच्या मैदानात बहुधा बर्फ नसतो. मे महिन्यात गोंडोलाने अगदी वर गेल्यास उरलेला बर्फ पाहता येतो, पण खालचे शिकाऊ उतार तोवर हिरवे झालेले असतात.

आपल्या घरांना आणखी एक हिशोब करावा लागतो. सध्या रमजान बर्फाच्याच हंगामात येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, तर २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. रोज्यांच्या आधी सफर उरकायची, तर हाती मोजकेच आठवडे राहतात.

तरीही हंगाम म्हणजे हमी नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्ला-ए-कलानमध्ये, गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. बर्फ आला तो महिन्याच्या अगदी शेवटी. २०२५ मध्ये तर खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. सरकारी स्पर्धेची तारीख पुढे जाऊ शकते, आपल्या रजेची जात नाही.

हा बर्फ येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून पश्चिमेच्या वाऱ्यांबरोबर ओलावा घेऊन येणाऱ्या प्रणाली हिमालयाला अडतात. वर्तमानपत्रांत त्यांना ‘पश्चिमी झंझावात’ म्हणतात. आपल्यालाही ते अगदीच परके नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात होणाऱ्या अवकाळी पावसात आणि गारपिटीत अनेकदा त्यांचा हात असतो. असा झंझावात येतोय, हे आठवडाभर आधी ढोबळपणे कळते. नेमका किती बर्फ, कुठे आणि कधी, हे मात्र दोन-तीन दिवस आधीच नीट सांगता येते. म्हणून ॲपवर पंधराव्या दिवशी दिसणारे बर्फाचे चिन्ह पाहून तिकीट काढू नये. महिनाभर आधी फक्त हंगाम बघावा. आठवडा उरला की हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज रोज वाचावा आणि तो एकाच दिशेने जातोय की रोज बदलतोय, हे पाहावे. रोज बदलत असेल, तर अजून काही पक्के नाही असे समजावे.

दुसरी गोष्ट उंचीची. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि गोंडोलाचा शेवटचा थांबा अफरवटवर ३,९०० मीटरच्याही वर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. श्रीनगरमध्ये ४ अंश आणि पाऊस असेल, तर गुलमर्गमध्ये तापमान शून्याखाली आणि बर्फ असू शकतो. म्हणून अंदाज श्रीनगरचा आहे की गुलमर्गचा, हे आधी बघा. आकडा मिलिमीटरमध्ये दिला असेल तर तो वितळलेल्या पाण्याचा असतो. १० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १० सेंटिमीटर बर्फ. कडक थंडीत तो जास्त भुसभुशीत पडतो, शून्याच्या आसपास ओला आणि जड.

तिसरी गोष्ट, पडणारा बर्फ आणि साचलेला बर्फ यांत फरक असतो. स्कीला जुना, दाबून बसलेला थर लागतो. कोरड्या जमिनीवर आदल्या रात्री पडलेला चार बोटे बर्फ फोटोपुरता असतो, स्की त्यात दगडाला घासते. दुपारी ऊन आणि रात्री गोठण, असे चार दिवस चालले तर सकाळी उतार काचेसारखा निसरडा होतो. नवशिक्यांनी अशा वेळी ऊन वर येईपर्यंत थांबावे. निघण्याआधी हॉटेलवाल्याला ‘बर्फ आहे का?’ एवढेच विचारू नका. ‘शिकाऊ उतारावर आज किती थर आहे?’ असे विचारा आणि आजचा फोटो मागवा.

बर्फ पडतो तो दिवस बहुधा बर्फ पाहण्याचा नसतो. त्या दिवशी श्रीनगरची विमाने रद्द होतात, तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाड्या सोडत नाहीत आणि जोराचा वारा असेल तर गोंडोला बंद ठेवतात. आकाश मोकळे होते ते नंतर. म्हणून गुलमर्गसाठी एकच दिवस राखू नये. श्रीनगरचे दिवस पुढे-मागे करता येतील असा कार्यक्रम आखावा. परतीच्या प्रवासाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

मोकळे आकाशही फसवे असते. ताज्या जड बर्फानंतर वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका वाढतो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू दगावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्गजवळ एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. महिन्याभरापूर्वी जिथे बर्फासाठी लोक तरसत होते, तिथेच हे घडले. हिमस्खलनाचा इशारा असेल, तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी खालच्या उतारावरच राहावे.

एवढे करूनही बर्फ हुलकावणी देऊ शकतो. म्हणून निघण्याआधीच मुलांना सांगावे, की आपण काश्मीर बघायला चाललो आहोत, बर्फ मिळाला तर इन्शाअल्लाह तोही बघू. श्रीनगरच्या जामा मशिदीतले देवदाराचे ३७८ खांब मोजायला बर्फ लागत नाही.