माळीवाडा ते दिल्ली दरवाजा

मी नगरला गेलो तो पिशवीत कागद घेऊन. हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीच्या तोंडावर थोरल्या भावाकडे गेलो म्हटले की लोकांना फराळाचे ताट आणि डोळ्यांतले पाणी दिसू लागते. मला दिसत होती ती फक्त एक सही. वडिलांचा वाडा विकायचा होता, गिऱ्हाईक तयार होते, आणि दादाच्या सहीवाचून सगळे अडले होते.

बारा वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. कारण मोठे नव्हते. वाटणीचा विषय निघाला, दादाने 'बघू' म्हटले, आणि मी पुण्याहून वकिलामार्फत त्याला नोटीस धाडली. सख्ख्या भावाला 'आपण' म्हणणारी ती नोटीस! पुढे वकिलाचे पैसे दिले आणि ते प्रकरण तसेच पडून राहिले. बोलणे मात्र थांबले ते थांबलेच.

वहिनींनी दार उघडले. "या भावजी," एवढेच म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. दादाने कागद हातात घेतले, चष्मा न लावताच परत दिले.

"सही करतो," तो म्हणाला. "पण आधी गाव चालू. माळीवाडा वेशीपासून दिल्ली दरवाजापर्यंत."

"आत्ता?"

"मग काय नोटीस पाठवू?"

निमूटपणे चपला घातल्या.

दादाचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे गेलेले, हातात काठी. पण गावाची गोष्ट सुरू झाली की हा माणूस चाळिशीचा होतो. बसस्थानकाच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिले आहे. २०२४ साली नाव बदलले, ते याच जिल्ह्यातल्या चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांवरून. दादा आपला जुन्या सवयीने नुसते 'नगर' म्हणतो. "ते दोन्ही नावांत आहे," असे त्याचे उत्तर तयार असते.

माळीवाड्याची वेस अजून उभी आहे. दादाने काठीने तिच्या दगडाला स्पर्श केला. भिंगारच्या बाजूला बहामनी फौजेचा पाडाव करून मलिक अहमदने १४९० साली इथे निजामशाहीचा पाया घातला, आणि चार वर्षांत शहर आखायला घेतले. पुढे त्याला तट आला, वेशी आल्या. तट आता बहुतेक गेला. वेशींपैकी ही आणि पलीकडची दिल्ली दरवाजाची, या दोन माणसांच्या ओळखीच्या राहिल्या आहेत.

"याच तटाला इंग्रजांनी शिड्या लावल्या," दादा म्हणाला. "१८०३, ऑगस्टची ८ तारीख. वेलस्लीने सकाळच्या प्रहरी पेठ घेतली. आणि किल्ला? तो १२ तारखेला. एवढा दगडी भुईकोट, भोवती खंदक, पण पेठ पडल्यावर चार दिवस टिकला."

मी घड्याळ पाहिले. त्याने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

विशाल गणपतीला बाहेरूनच हात जोडून आम्ही पुढे निघालो. विसर्जनाची मिरवणूक जाते तीच आमची वाट: रामचंद्र खुंट, दाळमंडई, तेलीखुंट, कापड बाजार. लहानपणी याच वाटेवर मी मिरवणूक दादाच्या खांद्यावरून पाहिली होती. ही आठवण मला नको असताना आली.

दाळमंडईत पोत्यांचा तो जुना वास नाकात शिरला. पुढे कापड बाजार. आमचे वडील इथे एका पेढीवर गुमास्ते होते. तेव्हा दुकानात पांढऱ्या गाद्या असत, तक्क्याला टेकून शेठ बसत आणि गिऱ्हाईक जोडे काढून वर चढे. हातमागावरची लुगडी खेड्यापाड्यांतल्या बायका बोटांनी चाचपून, पदर उजेडाकडे धरून घेत. आता काचेची दारे आहेत आणि काचेमागे बाहुल्या साड्या नेसून उभ्या आहेत. पण दिवाळीची गर्दी तीच. एक शेतकरी पोराच्या पाठीला सदरा लावून माप बघत होता, आणि सदरा दोन बोटे मोठा असल्याची खात्री पटल्यावरच त्याने पैसे काढले. आमचे वडीलही असेच घेत. माझा सदरा मात्र मापाचा असे, कारण तो दादाचा गेल्या सालचा असे.

दादा दमला. एका जुन्या दुकानाच्या पायरीवर टेकला. गल्ल्यावरचे गृहस्थ लगबगीने पाणी घेऊन आले. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "हे कोण, दादा?"

दादा पाणी प्याला. तांब्या खाली ठेवला. मला वाटले, आता म्हणेल 'पुण्याचे पाहुणे'.

"धाकटा," तो म्हणाला. "आमचा धाकटा."

त्या गृहस्थांनी मलाही पाणी दिले. मी पाठ फिरवून प्यालो.

नवी पेठ, चितळे रोड करीत आम्ही चौपाटी कारंजापाशी आलो. निजामशाहीत कापूरवाडीकडून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी आणून शहरातले हौद नि कारंजी भरत. दादाला त्या नळांचे फार कौतुक. मला वाटले, आता पुन्हा इतिहास. पण तो थांबला आणि म्हणाला, "तुला ठाऊक आहे, नगरचा किल्ला एकदा विकला गेलाय?"

"विकला?"

"१७५९ साली. किल्लेदार कवीजंग. पेशव्यांकडून पैसे घेतले आणि किल्ला दिला. चांदबिबीने १५९५-९६ च्या वेढ्यात ज्याच्यासाठी जिवाचे रान केले, तो किल्ला. एक गोळी सुटली नाही." मग काठी टेकत, माझ्याकडे न पाहता: "कवीजंगाला भाऊ होता की नाही, कोण जाणे. असता तर त्याची सही लागली असती."

मला हसू आले. बारा वर्षांत प्रथमच आम्ही दोघे एकाच गोष्टीला हसलो. हसता हसताच मी म्हणालो, "दादा, ती नोटीस..."

"वाचली नाही मी," तो म्हणाला. "तुझी सही ओळखली, आणि ठेवून दिली. वाटले, काही घरगुती लिहिले असेल तर मागून पत्र येईल."

पत्र मी कधी लिहिले नव्हते.

दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून रिक्षा, सायकली, माणसे जात होती. कडेला उभे राहून दादाने हात पुढे केला. "आण ते कागद." मी म्हणालो, राहू दे, घरी गेल्यावर बघू. "नको," तो म्हणाला, "वाडा पावसाळ्यात गळतो, माझ्याने आता कौले चढवत नाहीत. विकायला पाहिजेच. मला काय, तू मागायला स्वतः यायला हवा होतास." वेशीच्या दगडावर कागद टेकवून त्याने सही केली. वळणदार, मोडी शिकलेल्या वडिलांसारखी.

वाडा गेला. तिथे आता दुसरी इमारत उभी राहते आहे. मी मात्र दर दिवाळीला वसुबारसेच्या दिवशी नगरला जातो. दादा यंदा रामचंद्र खुंटापर्यंतच चालला. उरलेली वाट आम्ही रिक्षाने केली, आणि रिक्षावाल्याला वेलस्लीची गोष्ट मी सांगितली. तारीख चुकली तेव्हा दादाने मागून दुरुस्त केली.