पेपर कुणाचा?

डहाणूला पेपर मुंबईवरनं गाडीनं यायचा. आणि चार दिवसांनी रद्दी होऊन चिकूच्या खोक्यात तळाला बसून परत मुंबईला जायचा. माझा बाप वाडीवर चिकू भरायचा. बापाला अक्षर कळत नव्हतं. खोक्यात अंथरायच्या आधी तो कागद माझ्यापुढं धरायचा. "वाच रे. आपलं काय लिवलंय का?"

आपलं काय नसायचंच.

आपलं का नसतं, हे कळायला मला पेपराचे मालक शोधावे लागले. मुंबईचा जुना, मोठा पेपर घ्या. ३ नोव्हेंबर १८३८ ला तो निघाला तेव्हा नाव होतं 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स'. व्यापाराचं पत्र. नावातच धंदा. १८५७ च्या बंडात संपादक बुइस्ट देशी माणसांवर तुटून पडला, तेव्हा भागधारकांनी त्याला काढला आणि रॉबर्ट नाइटला बसवला. म्हणजे बघा, लेखणी संपादकाच्या हातात, पण हात मालकाच्या हातात. १८६१ ला 'टाइम्स ऑफ इंडिया' हे नाव पडलं. १८९२ पासून बेनेट आणि कोलमन या साहेबांची कंपनी.

ऑक्टोबर १९४५. आमच्या या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली उठले होते. वेठ नको, लग्नगडी नको, गवत कापायची मजुरी वाढवा. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच आदिवासी मेले. जेठ्या गांगड त्यातला एक. तेव्हा टाइम्सचा मालक गोरा होता. पुढच्याच वर्षी, १९४६ ला, पेपर रामकृष्ण दालमियांनी विकत घेतला. साहेब गेला, शेठ आला. वारल्याच्या झोपडीला त्याचं काय?

पुढं १९५५ ला फिरोज गांधींनी लोकसभेत दालमियांच्या विमा कंपनीतल्या पैशाचा घोटाळा काढला. दालमिया तुरुंगात गेले. पेपर जावयाकडे, शांतिप्रसाद जैनांकडे आला. १९६२ ला त्याच कंपनीनं मराठीत 'महाराष्ट्र टाइम्स' काढला. आजही कंपनी जैन घराण्यातच आहे. साहेबाकडनं शेठकडं, शेठकडनं जावयाकडं, जावयाकडनं पोरा-नातवंडांकडं. पावणेदोनशे वर्षांवर झाली. एवढ्या खरेदी-विक्रीत पेपर एकदाही वेशीबाहेर आला नाही.

मी कॉलेजात असताना आमच्या वस्तीच्या विहिरीत रात्री कुणीतरी मेलेलं कुत्रं टाकलं. मी एका मोठ्या दैनिकाला, नाव नाही घेत, दोन पानी पत्र लिहिलं. वस्तीचं नाव, तारीख, पाणी कुठनं आणावं लागतं, सगळं. छापून आल्या तीन ओळी. 'ठाणे जिल्ह्यात पाण्यावरून तंटा.' तंटा म्हणजे दोन बाजू भांडल्या पाहिजेत. आम्ही तर नुसते तहानलेले होतो. बापाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आपली विहीर नाय ही. दुसऱ्या कुणाची असंल."

ही गोष्ट बाबासाहेबांना केव्हाच कळली होती. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, शाहू महाराजांच्या अडीच हजारांच्या मदतीवर. त्याची जाहिरात 'केसरी'नं पैसे देऊनसुद्धा घेतली नाही. मग १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० ला 'जनता', १९५६ ला 'प्रबुद्ध भारत'. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्यानं लिहायचे. 'मूकनायक' बंद पडला, 'बहिष्कृत भारत' बंद पडला. वर्गणी नाही, जाहिरात नाही. पैशानं हरले. पण महाडच्या चवदार तळ्याला तिथं कुणी तंटा म्हटलं नाही.

म्हणून आता कुणी तलासरीचं पोरगं मला विचारतं, पत्रकार व्हायचंय, कुठल्या पेपरात जाऊ? मी म्हणतो, जा कुठंही, पोट भर. पण आधी विचार, कागदाचे पैसे कोण देतो. आणि वस्तीची बातमी लिहिशील तेव्हा वस्तीचं नाव लिही. त्यांनी खोडलं तर इकडं पाठव. ही पानं हातानं फिरवून काढतो आम्ही, शाई बोटांना लागते. पण नाव खोडणारा इथं कुणी नाही.