समुद्र निवडावा कुणी?

मुंबईचा माणूस समुद्र पाहायला बाहेरगावी जातो, असे सांगितले तर पुण्या-नागपुरातल्या मंडळींना हसू येते. त्यांना वाटते, मुंबईकराच्या खिडकीखालीच लाटा फुटत असतात. त्यांना कोण सांगणार, की बोरिवलीच्या माणसाला खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते आणि समुद्राचा पत्ता त्याला पावसाळ्यात अंगात भरणाऱ्या दमट वाऱ्यावरूनच काय तो लागतो! मुलुंड-घाटकोपरकडे तर तेवढाही नाही.

म्हणायला आम्हा उपनगरवाल्यांचे समुद्र पुष्कळ आहेत. बोरिवलीहून खाडी ओलांडली की गोराई, मालाडच्या पलीकडे मार्वे आणि अक्सा, अंधेरीला वर्सोवा. वर्सोव्याचा किनारा २०१५ सालापासून लोकांनी आठवड्यामागून आठवडे झाडून काढला आणि २०१८ सालच्या मार्चमध्ये तिथे कासवाची पिल्ले वाळूतून निघून पाण्याकडे गेली, ही आम्हां सर्वांना अभिमानाची गोष्ट. पण सहल म्हणजे चार दिवस घराच्या किल्ल्या विसरणे. वर्सोव्याहून संध्याकाळी घरी परतून भाताचा कुकर लावायचा असेल, तर त्याला सहल कोण म्हणेल?

गेल्या दिवाळीत आमच्या तीन घरांनी मिळून समुद्रकाठी जायचे ठरवले. दादा-वहिनी मुलुंडला, ताई आणि मेहुणे अंधेरीला, आम्ही बोरिवलीला. तिघे भावंडे एका शहरात असून भाऊबीज मात्र मेट्रो आणि लोकल यांच्या वेळापत्रकावर घड्याळ पाहत उरकायची, याचा ताईला मनस्वी कंटाळा आला होता. "यंदा ओवाळीन ती समुद्राकाठी," असे तिने जाहीर केले. इथवर सर्वांचे एकमत होते. पुढचा प्रश्न निघाला, "कोणत्या समुद्राकाठी?" आणि एकमत संपले.

मेहुण्यांना मासे हवे होते. वहिनींची अट एकच: "भाऊजी, चार दिवस मला कुणीतरी आयता चहा आणून द्यावा. मग तुम्ही मला कुठेही न्या." मुलांना किल्ला आणि पोहणे दोन्ही हवे होते. मला जुने कोरीव लेख पाहण्याची खोड, आमच्या सौ.ने ती सर्वांत शेवटी धरावी असे सुचवले. आई मात्र गप्प होती. तिला एकोणऐंशीवे लागलेले, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. फार आग्रह केल्यावर ती म्हणाली, "मला किल्ला नको, देऊळ नको. समुद्रात पाय बुडवून घटकाभर उभे राहायचे आहे. धरायला कुणीतरी असावे म्हणजे झाले."

माझ्या ध्यानात आले, की गेल्या दहा वर्षांत आम्ही पाहिलेल्या प्रत्येक समुद्राच्या वेळी आई गाडीत किंवा पायऱ्यांच्या खाली बसून राहिली होती. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून कुणी विचारलेही नव्हते. तेव्हा कागद घेऊन बसलो आणि एकेका गावासमोर मासे, चहा, किल्ला यांच्याआधी आईचे गुडघे मांडले. त्या कागदाचा वाचकांना यंदा उपयोग व्हावा, म्हणून तो इथे उलगडतो.

पहिली नावे आली केळवे आणि बोर्डी यांची. पश्चिम रेल्वेवाल्यांना हे समुद्र सर्वांत स्वस्त. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत जाऊ लागल्यापासून तर केळवे म्हणजे पासधारकाचीच चौपाटी झाली. केळवे रोडला उतरा, रिक्षा करा, सुरूच्या सावलीत पोहोचा. शीतळादेवीचे दर्शनही वाटेवरच. बोर्डी डहाणूच्या पलीकडे; चिकूच्या वाड्या, इराणी कुटुंबांची जुनी घरे आणि कमालीची शांतता. मात्र तिथला किनारा इतका सपाट, की ओहोटीला पाणी नजरेच्या टोकाशी जाऊन बसते. मुलांना ते निर्धोक, पण आईला पाय बुडवायचे तर ओल्या वाळूतून लांबवर चालावे लागणार. त्यात दिवाळीची अमावास्या म्हणजे उधाणाचे दिवस; भरती मोठी तशी ओहोटीही मोठी.

भरती-ओहोटीचा हिशेब कोकणातला म्हातारा पंचांगावरून तोंडी करतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येतो तो पूर्ण भरतीचा सुमार. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. भाऊबीज ही द्वितीया. तेव्हा भरती दुपारी दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. घटका-दोन घटकांचा फरक पडतो, पण सहलीचा दिवस आखायला हे गणित पुरेसे आहे.

अलिबागला जाणाऱ्याने तर ते पाठच करावे. तिथला कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला पायवाटेचा. वेळ चुकली की होडी बघावी लागते. अलिबाग म्हणजे कान्होजी आंग्र्यांचे गाव. त्यांची समाधी तिथेच आहे. आणखी एक मौज सांगतो. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांनी चुंबकीय मोजमापे बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे ते काम १९०४ साली अलिबागला हलवले गेले. मुंबईच्या गडबडीला कंटाळून अलिबागला गेलेली पहिली पाहुणी म्हणजे ही चुंबकसुई! जवळच अक्षी गावात मराठीतला एक अतिप्राचीन शिलालेख आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे; विद्वानांत त्यावर वाद आहेत, पण मराठीच्या मास्तराला तेवढे आमंत्रण पुष्कळ झाले. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते. २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. तरीही दिवाळीत अख्खी मुंबई अलिबागला लोटते आणि खोलीचे भाडे ऐकून माणूस चुंबकसुईसारखा थरथरतो. अलिबाग खोडले.

पुढे मुरूड. इथे सावध असावे, कारण मुरुडे दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातले, सिद्दीच्या जंजिऱ्याचे. दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातले, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे. त्याच्याजवळ हर्णै आणि सुवर्णदुर्ग. दोन्हीकडे वाळू, दोन्हीकडे पाण्यातला किल्ला, आणि मधे श्रीवर्धन तालुका व बाणकोटची खाडी. खोली ठरवताना जिल्हा विचारून घ्यावा, इतकेच सांगतो. जंजिरा मुलांनी उचलून धरला. पण राजपुरीहून शिडाच्या होडीने जायचे आणि हलत्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर पाऊल टाकायचे, हे तरण्यांचे काम. हर्णैला संध्याकाळी माशांचा लिलाव होतो, हे ऐकून मेहुणे हळवे झाले. मुलीने वेळासच्या कासवांचे नाव काढले. पण ती पिल्ले निघतात शिमग्याच्या सुमारास, दिवाळीत नव्हेत.

गणपतीपुळ्याचा मोह सर्वांना होता. देवळाच्या पायथ्याशी लाटा, आणि शेजारी मालगुंडला केशवसुतांचे जन्मस्थान व स्मारक. पण तिथला किनारा उताराचा आणि पाण्याला ओढ. तिथे माणसे बुडाल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. जिथे पोहणाऱ्या तरुणाचा पाय सुटतो, तिथे एकोणऐंशी वर्षांच्या बाईला उभे करायचे नाही, हे दादाने एका वाक्यात संपवले. राहिले मालवण. १६६४ सालच्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जिथे सिंधुदुर्गाचा पाया घातला ते मालवण, आणि लगतची तारकर्ली. पाणी नितळ, मासे अप्रतिम. पश्चिम उपनगरांतून वसईमार्गे कोकणात जाणारी एक गाडीही २०२४ साली सुरू झाली. परंतु आरक्षण उघडताच गाड्या भरतात, आणि रात्रभर बसून प्रवास केल्यावर आईचे गुडघे दुसरा दिवस मागतात. चार दिवसांतला एक तिकडेच जायचा.

माझा भाचा नोकरीनिमित्त इटलीत असतो. त्याला हा कागद वाचून दाखवला तेव्हा तो फोनवर हसला. म्हणाला, "मामा, इथेही हेच चालते." लिग्युरियाच्या किनाऱ्यावरची गावे दिसायला चित्रासारखी, पण डोंगराला टांगलेली, पायऱ्याच पायऱ्या, आणि पाण्याकाठी बहुधा गोटे. पलीकडच्या बाजूला रिमिनी. तिथे १८४३ सालीच पहिले सागरस्नानगृह निघाले. किनारा सपाट, पाणी उथळ, छत्र्यांच्या ओळीच ओळी. रसिक तिला नाके मुरडतात. आजी-आजोबांना आणि पोराबाळांना घेऊन जाणारे मात्र मुकाट्याने रिमिनी गाठतात. फरक इतकाच, की तिथे छत्रीखाली बसायचे भाडे पडते आणि आपल्याकडे सुरूची सावली फुकट आहे.

शेवटी कागदावर एकच नाव उरले: दिवेआगर. पाडव्याला पहाटे निघालो. मुलुंडची मंडळी ऐरोलीच्या पुलावरून येऊन पनवेलला मिळाली. पेण, माणगाव, म्हसळा करीत दुपारच्या जेवणाला पोहोचलो. आमचे बिऱ्हाड एका घरगुती खानावळीच्या मागच्या खोल्यांत. कोकणातल्या अशा गावांची एक गंमत आहे. घराचे तोंड रस्त्याकडे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या मागे समुद्र. आपण ज्याला पर्यटनस्थळ म्हणतो, ते त्यांचे परसदार! पायरी एकसुद्धा नाही.

भाऊबिजेला सकाळी नऊच्या पुढे, चढत्या पाण्याची वेळ साधून आईला वाडीतून नेले. पाटाच्या कडेने, पोफळीच्या सावलीतून ती सावकाश चालली. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला ताई. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा तिने दोघांचे हात घट्ट धरले. तिसऱ्या लाटेला एक हात सोडला. अर्धा तास ती उभी होती. परत फिरताना एवढेच म्हणाली, "पायाखालची वाळू सरकते ती अंगभर कळते, नाही?" वहिनींना चहा आयता मिळाला, मेहुण्यांना सुरमई मिळाली, ताईने आम्हा दोघा भावांना ओसरीवर ओवाळले.

माझाही लाभ झाला. या गावी सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो. गावाचे दुसरे वैभव सोन्याच्या गणपतीचे: १९९७ साली एका वाडीत खणताना तो मिळाला, २०१२ साली दरोड्यात गेला आणि त्यात दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा २०२१ साली पुन्हा स्थापन झाला.

पण माझ्या मनात राहिली ती घरमालकीण काकूंची वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले आणि काही तासांत दिवेआगर-श्रीवर्धनच्या बागा आडव्या करून गेले. काकू सांगत होत्या, "नारळ थोडे राहिले. पोफळी मात्र काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. सासऱ्यांनी लावलेल्या होत्या." पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालावे? या दोन खोल्यांवर आणि वाढलेल्या ताटांवर. नवी रोपे आता डोक्यावर गेली होती. आम्ही ज्या सावलीतून आईला नेले, ती वादळातून वाचलेल्या थोड्या झाडांची होती.

म्हणून खोलीच्या भाड्यात घासाघीस करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की थोडा हात आवरावा; ते पैसे रोपांच्या मुळाशी जातात. निघताना चार शेर रोठा सुपारी आणि ओले नारळ घ्यावेत. ओहोटीच्या वेळी पाण्यात शिरू नये, आणि गावातला माणूस "इथे नको" म्हणाला तर कारण न विचारता मागे फिरावे.

आणि गाव निवडताना घरातले ज्याचे पाय सर्वांत अधू, त्याला आधी विचारावे. तरुणांना कोणताही समुद्र चालतो आणि पुढेही पुष्कळ मिळतो. म्हातारी माणसे मागत नाहीत. त्यांच्याकरिता हिशेब आपणच मांडायचा असतो. मुलांचा जंजिरा आम्ही यंदाच्या नाताळासाठी राखून ठेवला आहे. आईने मात्र दिवेआगरच्या त्याच खोल्या पुन्हा ठरवायला सांगितल्या आहेत, आणि भरतीची वेळ या खेपेला तिने स्वतः पंचांग उघडून काढली आहे.