मामींनी आतून न पाहिलेले न्यायमंदिर

आमचे मामा १९८४ साली वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. शाळेला सुटी लागली, की नंदुरबारहून सुरत, सुरतेला गाडी बदलून बडोदे आणि पुढे एसटीने वाघोडिया, हा प्रवास आम्हा भावंडांच्या अंगवळणी पडला होता. वाघोडिया हे बडोद्याच्या पूर्वेचे तालुक्याचे गाव. तिथून येणारा रस्ता पाणीगेटापाशी जुन्या शहरात शिरतो. मग मांडवी, मंगळबाजार, लहरीपुरा दरवाजा. आणि दरवाज्याबाहेर आलो, की कमानी नि मनोऱ्यांची ती भलीमोठी इमारत समोर उभी. न्यायमंदिर!

मी पहिल्यांदा आत गेलो ते १९८८ साली, दहा वर्षांचा असताना. शेजाऱ्यांच्या कामात मामांची साक्ष होती. मला मधल्या मोठ्या दालनात बसवून मामा आत गेले. बाहेर मे महिन्याचे ऊन आणि आत मात्र पायाखाली गार फरशी. मान मागे टाकून पाहिले, तरी छत लवकर संपेना. काळे कोट, कागदांच्या चळती, पक्षकारांची कुजबुज, आणि या सगळ्या गर्दीत एका राणीचा शांत पुतळा. मामा बाहेर आले तेव्हा घाम पुसत म्हणाले, ‘‘इथं खोटं बोलवत नाही रे, छत फार उंच आहे.’’

त्या उंच छताचे खरे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. ही इमारत मुळात न्यायालयासाठी कल्पिलेलीच नव्हती. बेत होता भाजीबाजाराचा! भरपूर उजेड, खेळती हवा, माणसांना सहज ये-जा करता येईल असे मोठे दालन, हे सारे बाजाराला हवेच असते. पुढे बेत बदलला. १८९६ साली इमारत पूर्ण झाली आणि भाजीच्या पाट्यांऐवजी तिथे खटल्यांची दप्तरे आली. बाजाराचे दालन न्यायाच्या वाट पाहण्याची जागा झाले.

इमारतीचे वास्तुकार रॉबर्ट फेलोज चिझम हे मद्रासेत नावारूपाला आलेले. मेजर चार्ल्स मँट यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम त्यांनीच तडीस नेले होते. न्यायमंदिराला त्यांनी बायझंटाईन वळण दिले. म्हणजे आज ज्याला आपण इस्तंबूल म्हणतो, तिकडच्या प्राचीन वास्तूंची धाटणी: कमानींवर कमानी आणि बारीक रंगीत तुकड्यांचे मोझेक काम. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज वास्तुकार, तुर्कस्तानकडची शैली, गुजरातचे शहर आणि मराठी राजा, अशी ती सरमिसळ आहे.

हा राजा तर आपल्याच बाजूचा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट खानदेशात घरोघरी ठाऊक आहे. दालनातला पुतळा त्यांच्या पहिल्या पत्नीचा. तंजावरच्या मोहित्यांची ही लेक १८८० साली लग्न होऊन बडोद्याला आली, लक्ष्मीबाईची चिमणाबाई झाली आणि १८८५ साली अगदी तरुण वयात गेली. महाराजांच्या दुसऱ्या पत्नीचे नावही चिमणाबाईच, त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. ही वास्तू पहिलीच्या नावाची.

आपल्याकडे अशी दुसरी इमारत आठवते ती पुण्याची मंडई. ती १८८६ सालची, दहाच वर्षांनी थोरली. तिचे नाव बदलले, ‘रे मार्केट’ची महात्मा फुले मंडई झाली, पण काम बदलले नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तिथे आजही कोणीही शिरते. बडोद्यात उलटे झाले. काम बदलले, आणि त्याबरोबर आत येणारी माणसेही बदलली.

हे माझ्या ध्यानात आणून दिले ते मामींनी. २०१८ साली न्यायालये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात गेली आणि जुनी इमारत रिकामी झाली. तिथे शहराचे संग्रहालय करण्याची योजना पुढे आली. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी वाघोडियाला गेलो, तेव्हा मामांना ते दालन पुन्हा एकदा पाहायचे होते. गुडघे दुखत होते, तरी निघाले. मामीही सोबत आल्या. दार बंद होते. मामा पायरीपाशी थांबून वर बघत राहिले आणि हळहळले, ‘‘केवढी वर्दळ असायची इथं!’’

मामी म्हणाल्या, ‘‘तुम्हाला वर्दळ आठवते. मी पस्तीस वर्षं याच्या पुढ्यातून जाते आहे. मंगळबाजारात साड्या घेतल्या, पोरांचे कपडे घेतले. पण आत कधी पाऊल टाकलं नाही. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना! भाजीबाजार असता, तर शहरात आले की पिशवी घेऊन गेले असते.’’

मामा हसले, पण मला ते बोलणे लागले. बाईच्या नावाने बांधलेली वास्तू, मधोमध बाईचाच पुतळा, आणि शहरातल्या कितीतरी बायकांनी तो बघितलेलाही नाही.

या इमारतीने एकदा आपले काम बदलले आहे, तेव्हा पुन्हा बदलायला तिला जड जाऊ नये. संग्रहालय जरूर व्हावे. पण ते काचेआडच्या वस्तूंपुरते न राहता मधले दालन सर्वांना खुले असावे. वाघोडियाहून बाजाराला आलेल्या बाईला पिशवी बाजूला ठेवून घटकाभर टेकता यावे. मामी म्हणतात, ‘‘उघडलं की सांग. यांची काठी आणि माझी पिशवी, दोन्ही घेऊन जाऊ.’’