तंबूतला खून

गेलं वर्षभर माझ्या उशाशी दोनच जातींची पुस्तकं आहेत: ऐतिहासिक कादंबऱ्या आणि रहस्यकथा. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ नव्यानं वाचली, ना. सं. इनामदारांची ‘शिकस्त’ वाचली, आणि मधूनमधून बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीच्या कथा. घरच्यांना हा मेळ विचित्र वाटतो. मला वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी जिवानिशी गेलेलं असतं, साक्षीदार आपापल्या सोयीचं सांगतात, कागद अर्धेमुर्धे हाती लागतात.

‘शिकस्त’च घ्या. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी ते कधी मानलंच नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले आणि 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. माणसाची ओळख पटवण्याचा इतका गुंतागुंतीचा मामला रहस्यकथेतही क्वचित सापडतो. ‘पानिपत’ या खेपेला वाचताना माझं लक्ष तलवारींपेक्षा दाण्यागोट्यावर होतं. डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि 14 जानेवारीला उपाशी फौज रणात उतरली. गुन्ह्याचा माग काढावा तसा हा पराभवाचा माग काढता येतो.

ब्योमकेश मला छत्तीसगडातल्या भिलाईनं दिला. सोव्हिएत मदतीनं इथे पोलाद कारखाना उभा राहिला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातली माणसं सेक्टरांमधल्या क्वार्टरांत शेजारी शेजारी येऊन राहिली. आमच्या भिंतीपलीकडे बंगाली कुटुंब आहे. तिथल्या बौदी, म्हणजे वहिनी, दुपारी चहाला आल्या की शरदिंदु बंद्योपाध्याय यांची कथा बंगालीतून वाचतात आणि अडलं तिथे हिंदीत सांगतात. ‘पथेर काँटा’मध्ये भर रस्त्यात माणसं कोसळतात आणि त्यांच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. ते वाचून झाल्यावर आमच्या कपातला चहा गार झालेला होता.

शरदिंदु मला विशेष जवळचे वाटतात, कारण रहस्यकथा आणि इतिहास हे दोन्ही प्रांत त्यांचे आहेत. 1932 मध्ये त्यांनी ब्योमकेश आणला, आणि विजयनगरच्या देवरायाच्या काळावर ‘तुंगभद्रार तीरे’ ही कादंबरीही लिहिली. मुंबईत चित्रपटांसाठी लिहून 1952 मध्ये ते पुण्यात स्थायिक झाले. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टी त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. ज्या बंगालमध्ये आई मराठ्यांच्या ‘बर्गीं’चं, म्हणजे लुटारू घोडेस्वारांचं, भय घालून लेकरू निजवते, तिथल्या लेखकानं मावळ्यांत वाढणारा पोरगा नायक केला. याचं मोल आपण मराठी वाचकांनी फारसं जाणलेलं नाही.

बर्गींचा विषय निघाला की बौदी आणि मी, दोघीही गंभीर होतो. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर याच छत्तीसगडातून गेले. रतनपूरचा हैहय राजा रघुनाथसिंह म्हातारा, खचलेला होता. त्यानं शरणागती पत्करली. तिथून पंतांच्या स्वाऱ्या बंगालवर गेल्या. गावं जळली, माणसं देशोधडीला लागली. गंगाराम नावाच्या कवीनं ते सगळं ‘महाराष्ट्रपुराणा’त नोंदवून ठेवलं. मार्च 1744 मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान यानं पंतांना तहाच्या बोलण्यासाठी मानकरा इथे बोलावलं. नवाबाकडून मुस्तफाखान आणि जानकीराम मध्यस्थ होते, आणाभाका झाल्या होत्या. कनातींमागे हत्यारबंद माणसं दडवलेली होती. पंत आणि त्यांचे सरदार तंबूतच कापले गेले. त्यांतला रघूजी गायकवाड हा सरदार मात्र छावणीत थांबला होता. तो उरलेली फौज घेऊन निसटला.

इथे खुनी कोण हे पहिल्या पानावरच ठाऊक आहे. तरीही प्रश्न संपत नाहीत. इतका मुरलेला सेनापती त्या तंबूत का शिरला? गायकवाड मागे का राहिला? शपथ वाहणाऱ्यांना पुढचं ठाऊक होतं का? बौदींच्या घराण्यात ही बंगालच्या सुटकेची कथा आहे, माझ्या वडिलांनी मला ती दग्याची म्हणून सांगितली. दोन्ही साक्षी नोंदवून घेईल असा लेखक या प्रकरणाला हवा.

आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर माझा राग आहे तो इथेच. रहस्यकथाकारानं पुरावा दडवला तर वाचक त्याला माफ करत नाही. ऐतिहासिक कादंबरीत मात्र पल्लेदार संवाद आणि दागिन्यांची वर्णनं असली की नायकाच्या अडचणीचे कागद गुपचूप बाजूला सारलेले चालतात. जळलेल्या गावांशिवाय भास्करपंत रंगवणं म्हणजे खोटी साक्ष देणं.

पुणे, सातारा, रायगड यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे. रतनपूरच्या रामटेकडीवर रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसल्यांनी बांधलेलं राममंदिर आजही उभं आहे, आणि मराठी लेखकाला तिथवर यायला नागपूरहून एका दिवसाचा प्रवास पुरतो. कुणीतरी यावं, बंगाली कागदही वाचावेत आणि मानकराच्या तंबूची कादंबरी लिहावी. पहिली प्रत मी विकत घेईन, आणि बौदींना मोठ्यानं वाचून दाखवीन.