एक शब्द, अनेक अर्थ : 'हार्ड'



इंग्रजीच्या पुस्तकात 'हार्ड' हे विशेषण आलं, की तुम्ही पाठ केलेला एकच अर्थ सांगता : कठीण. मग 'हार्ड वॉटर' आलं की अडता. पाणी कठीण कसं असेल? आणि लगेच म्हणता, "गुरुजी, आम्हांला इंग्रजी जमायचं नाही." हे काही मला पटत नाही.

आपला 'कडक' हा शब्द घ्या. कडक ऊन, कडक भाकरी, कडक चहा, कडक इस्त्री, कडक उपास. हे सारे अर्थ तुमच्याकडून कोणी पाठ करून घेतले? कोणीच नाही. पुढचं नाम ऐकलं, की अर्थ आपोआप कळतो. इंग्रजीतही तेच करायचं. विशेषण एकटं वाचायचं नाही. त्याच्या सोबतीचं नाम पाहायचं.

'हार्ड स्टोन' म्हणजे टणक दगड. 'हार्ड सम' म्हणजे अवघड गणित. 'हार्ड लाइफ' म्हणजे खडतर जीवन. 'हार्ड वर्कर' म्हणजे कष्टाळू माणूस. आणि 'हार्ड वॉटर' म्हणजे दुष्फेन पाणी. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त असतात. साबणाला नीट फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. ज्या घरी असं पाणी येतं, तिथल्या आईला विचारा. इंग्रजी शब्द माहीत नसला, तरी ती ते पाणी पक्कं ओळखते.

शंका आली तर विरुद्धार्थी शब्द शोधा. दगड 'हार्ड' नसेल तर 'सॉफ्ट' असतो. गणित 'हार्ड' नसेल तर 'ईझी' असतं. उलट शब्द वेगळा, म्हणजे अर्थही वेगळा.

एका ठिकाणी मात्र जपा. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप कष्ट करतो. पण 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो फारसं कामच करत नाही! शेपटी जोडली, की कष्टाळूचा आळशी झाला.

आता कोणी म्हणालं, "इंग्रजी हार्ड आहे," तर त्याला विचारा, "दगडासारखं की गणितासारखं?" गणितासारखं असेल तर भ्यायचं कारण नाही. अवघड गणितही रीत कळली की सुटतं.

गृहपाठ : 'लाइट' हे विशेषण पिशवीला, रंगाला आणि जेवणाला लावून पाहा. तिन्ही अर्थ मराठीत लिहून आणा. चांगली उत्तरं याच फलकावर लावू.