लावलं तिथं लागू

पहिला पाऊस स्थिरावला की खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीकडच्या बायका रानभाज्या घेऊन खाली उतरतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. सेक्टरच्या कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या पायरीवर जुड्या मांडून बसतात. टाकळ्याची भाजी हौसेने नेणारे पुष्कळ आहेत, पण त्याचं बी कशावर चालतं हे सांगणारे आता कमी उरलेत. पावसाळा सरला की तीच रोपटी कमरेएवढी होऊन वाळायला लागतात. त्यांच्या बारीक वाकड्या शेंगांत चकचकीत तपकिरी बी धरलेलं असतं. ते आंबट ताकात भिजवून, वाटून गजकर्णावर लावायचं, ही इथली जुनी रीत.

मी फार्मसी कॉलेजात वनौषधींचं रसायन शिकवते. टाकळा हा माझा आवडता धडा, कारण या बियांतला बुरशी मारणारा घटक १९७५ मध्येच वेगळा काढला गेला आहे. ते आहे क्रायसोफॅनिक आम्लाचं अँथ्रोन रूप. आणि गंमत अशी, की हाच घटक एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या औषधबाजारात दुसऱ्याच नावाने विकला जात होता. त्या पिवळ्या-तपकिरी भुकटीला ‘गोवा पावडर’ म्हणत. नाव गोव्याचं, माल मात्र ब्राझीलचा. तिथल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या भेगांत ती साठायची आणि पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्याला यायची. गजकर्णावर तिचा इतका बोलबाला, की लंडनच्या डॉक्टरांनाही ती हवीशी वाटू लागली. १८७६ मध्ये स्क्वायर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाला दिसलं, की ती सोरायसिसवरही चालते. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या रसायनतज्ज्ञांनी त्याच रेणूला किंचित छाटून १९१६ मध्ये डायथ्रॅनॉल बनवलं. सोरायसिसवर ते अजूनही वापरतात. आपल्या उकिरड्याच्या कडेला उगवणाऱ्या तणाचा हा सख्खा चुलतभाऊ म्हणायचा.

आता ताकाचं. अँथ्रोन हवेत फार टिकत नाही. त्याचं ऑक्सिडीकरण होतं, रंग गडद होतो, गुण जातो. म्हणून डायथ्रॅनॉलच्या मलमात सॅलिसिलिक आम्ल घालतात, त्याने ते जास्त टिकतं. आजीच्या आंबट ताकामागे हेच कारण असावं, असं मला वाटतं. वाटलेलं लगेच वापरायचं, ठेवून द्यायचं नाही, हा दंडकही त्यात बसतो.

हे वाचून कुणी टाकळ्याचं बी शोधायला निघणार असेल तर जरा थांबा. हा रेणू निरोगी कातडी भाजतो, कपड्यांवर न जाणारे डाग पाडतो आणि डोळ्याला लागला तर हाल करतो. शिवाय आजचं गजकर्ण आजीच्या काळातलं राहिलेलं नाही. गेल्या दहाएक वर्षांत भारतभर जी हट्टी बुरशी पसरली, तिला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं. नावातच इंडिया आहे, भूषण वाटण्यासारखं त्यात काही नाही. टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधालाही तिच्या बऱ्याच जाती दाद देत नाहीत. चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं हे तिच्या फैलावाचं एक मोठं कारण मानलं जातं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते.

तरीही टाकळ्यापासून सुरुवात केली, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचं सार त्यात आहे. जंतूंशी लढणाऱ्या आपल्या घरगुती वनस्पती बहुधा जिथे लावल्या तिथेच लागू पडतात. कातडीवर, जखमेवर, तोंडात, घशात, फार तर आतड्यात. म्हणजे जिथे रस आणि जंतू समोरासमोर येतात तिथे. एकदा रक्तातून जायची वेळ आली, की नव्वद टक्के वनस्पतींची मात्रा वाटेतच संपते. नव्वद हा आकडा माझ्या अनुभवाचा, कुठल्या पाहणीचा नाही.

कारण सोपं आहे. पेनिसिलिन रक्तात मिलिलिटरमागे मायक्रोग्रॅमच्या घरात असलं तरी जंतू मारतं. झाडांतल्या बहुतेक घटकांना त्याच कामाला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते. ती लेपात मिळते, रक्तात मिळत नाही. म्हणून आपली बहुतेक प्रतिजैविकं झाडांतून आली नाहीत, ती मातीतल्या सूक्ष्मजीवांतून आली. १९५४ मध्ये उभ्या राहिलेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं तेही मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसमधून, आणि त्या जीवाच्या नावात ‘पिंपरिना’ म्हणून गावाचं नावही ठेवलं.

झाडं मग स्वतःचं रक्षण कशी करतात? एकट्या रेणूवर विसंबून नाही. दारुहळदीत बर्बेरिन असतं. एकटं बर्बेरिन स्टॅफिलोकोकसपुढे लंगडं पडतं, कारण तो जंतू ते पंपाने उपसून बाहेर टाकतो. पण २०००च्या सुमारास अमेरिकेत स्टर्मिट्झ, लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दारुहळदीच्या कुळातल्या झुडपात एक दुसरा रेणूही असतो. तो स्वतः जंतूला काही करत नाही, फक्त पंप बंद पाडतो. मग बर्बेरिन आत टिकतं. वैद्यांचं ‘अख्खी वनस्पती वापरा’ हे म्हणणं मी पूर्वी जरा हसून ऐकायचे. या शोधनिबंधानंतर ते गांभीर्याने ऐकते. सरसकट मान्य मात्र करत नाही, कारण प्रत्येक काढ्यात असा जोडीदार असतोच असं नाही.

आता हळद. तिच्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, आणि तिच्याइतकी गैरसमजात रुतलेली दुसरी वस्तूही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. माशेलमध्ये जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांनी ते आव्हानित केलं. बत्तीस जुने संदर्भ गोळा केले गेले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू ग्रंथ होते आणि १९५३चा भारतीय वैद्यक नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी उभी राहिली, ती याच धड्यातून. घराघरांत तेव्हा झालेला आनंद मला आठवतो. पण त्या विजयाचा अर्थ आपण चुकीचा लावला. ‘हे नवीन नाही’ एवढंच तिथे सिद्ध झालं. हळद प्रतिजैविकाच्या तोडीची आहे, असा काही तो निवाडा नव्हता.

खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबायची, यात वावगं काही नाही. भुकटी रक्त धरायला मदत करते, ओल शोषते, आणि तिच्यातलं कर्क्युमिन थेट जखमेला भिडतं. १९४९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याच्या जंतुविरोधी गुणाची नोंद आहे. आता तेच पोटातून घ्या. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या तीनेक टक्के. चमचाभर हळदीत जेमतेम शंभर मिलिग्रॅम. त्यातलं आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याची वासलात आतडं आणि यकृत लावून टाकतात. दिवसाला काही ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तातही ते नावापुरतंच सापडतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवलं, की मिऱ्यातलं पिपरीन सोबत दिलं तर ते रक्तात वीस पट वाढतं. तेव्हापासून कॅप्सूलवाल्यांचं फावलं. पण पिपरीन यकृताची जी विकरं थोपवतं, तीच विकरं तुमच्या इतर गोळ्यांचाही निचरा करत असतात, हे डब्यावर ठळक लिहिलेलं मला आजवर दिसलेलं नाही. फिट येण्यावरच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी पिपरीनने वाढते, हे ठाऊक आहे. हळद-कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली-अमेरिकेतून आल्या आहेत. सांगलीची, वायगावची, वसमतची हळद स्वयंपाकात हवी तेवढी वापरा, त्या मात्रेला शतकांचा अनुभव आहे. खोल जखमेत मात्र ती कोंबू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. आणि सुटी हळद फारच भडक पिवळी दिसली तर संशय घ्या, तिला तो रंग देणाऱ्या लेड क्रोमेटमध्ये शिसं असतं.

माझ्या या मांडणीला छेद देणारं काम माझ्या घरापासून दोन-तीन सिग्नलवर चालतं, हेही सांगायला हवं. टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग-संशोधन केंद्र २००२ मध्ये परळहून खारघरला आलं. तिथे डॉ. गिरीश मारू यांच्या प्रयोगशाळेने हळद आणि काळ्या चहातल्या पॉलिफेनॉलवर वर्षानुवर्षं काम केलं. डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट द्राक्षाच्या सालीत असणारं रेझव्हेरट्रॉल आणि तांबं एकत्र देऊन बघतो आहे. रेझव्हेरट्रॉल काही मिलिग्रॅम, तांबं तर नॅनोग्रॅममध्ये. दोन्ही मिळून ऑक्सिजनचे क्षणजीवी कण तयार होतात आणि मेलेल्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे (गुणसूत्रांच्या द्रव्याचे) तुकडे ते तोडतात, अशी त्यांची मांडणी. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या तोंडातले व्रण कमी होतात का, हेही त्यांनी पाहिलं. २०२४च्या फेब्रुवारीत ‘शंभर रुपयांत कॅन्सरची गोळी’ अशा बातम्या आल्या आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर तेच. कल्पना मला धाडसी आणि सुंदर वाटते. पण माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आहेत. बातमी पुराव्याच्या फार पुढे पळाली, त्यात नुकसान झालं ते आशेने फोन करणाऱ्या रुग्णांचं.

रक्तातून पोचणारी वनस्पती-औषधं नाहीत असं नाही. पण ती औषध होताना वनस्पती उरत नाहीत. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल शोधलं. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, पण नरक्याचा काढा पिऊन कुणाचा कॅन्सर बरा होत नाही. रेणू काढावा लागतो, बदलावा लागतो, शिरेतून मोजून द्यावा लागतो.

संसर्गाचं उदाहरण हवं तर पनवेलजवळ नेऱ्याच्या शांतिवनाकडे बघा. कुष्ठरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या अशा संस्थांच्या आधीच्या काळात महारोगावर एकच आधार होता. तो म्हणजे चालमोगऱ्याचं आणि त्याच कुळातल्या आपल्या कोकणातल्या कडू कवठाचं तेल. तोंडाने घेतलं तर उलटी, टोचलं तर गळू. १९१५-१६च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी त्या तेलातल्या आम्लांचे एस्टर करून ते टोचण्याजोगं केलं. तरी गुण अर्धाच. १९४०च्या दशकात सल्फोन औषधं आली, पुढे डॅप्सोन आलं, आणि कडू कवठ मागे पडलं. १९८१नंतरच्या बहुऔषधी उपचारातलं क्लोफाझिमिन मात्र ज्या शोधातून निघालं त्याची सुरुवात एका दगडफुलासारख्या शैवाकातल्या रेणूपासून झाली होती. गोड्या मसाल्याच्या भावकीतलंच ते. याचं अप्रूप मला अजून वाटतं.

रेणू न काढता, न मोजता वनस्पती पोटात घेतली की काय होऊ शकतं, तेही पाहिलं. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेल पिंपानं प्यायली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं, की दुसरीच जात मिसळली असेल. असेलही. पण मग सवाल असा, की गल्लीतल्या कुंपणावरून वेल तोडणाऱ्याने ती जात ओळखायची कशी?

ओळखण्याचाच मुद्दा आतड्यापाशी येतो. तिथे माझा विश्वास कुड्यावर. मे महिन्यात कर्नाळ्याच्या आणि आमच्या डोंगराच्या उतारावर पांढरी फुलं दिसतात तोच. कुड्याचं पाळ ताकात उगाळून आवेवर देतात. सालीतलं कोनेसीन अमिबाला मारतं, आणि अमिबा आतड्यातच असल्यामुळे रक्ताची भानगड नाही. १९२०च्या दशकात कोलकात्यात कर्नल चोप्रांनी त्याची रीतसर तपासणी केली, त्यापासून केलेलं बिस्मथ आयोडाइड दवाखान्यांत वापरलंही गेलं. मेट्रोनिडाझोल आल्यावर ते विस्मरणात गेलं. रक्त पडत असेल, ताप असेल तर आजही डॉक्टरकडेच जायचं. पण कुड्याचं श्रेय बुडवू नये.

त्याची युरोपातली पत कशी गेली, तेही ऐका. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल मिसळली जाऊ लागली. तिच्यात ते अल्कलॉइड नाहीत. युरोपच्या डॉक्टरांना गुण येईना, त्यांनी झाडच निरुपयोगी ठरवलं. ही भेसळ आजही होते. म्हणून दरवर्षी मुलांना बाजारातून ‘कुडासाल’ आणायला सांगते. आधी जिभेला लावायची. पांढऱ्या कुड्याची कडू चव लगेच कळते आणि बराच वेळ जात नाही. काळा कुडा जवळजवळ बेचव. मग अर्क काढून सिलिकाच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, पट्टी चढू द्यायची, वाळवून ड्रॅजेनडॉर्फचा फवारा मारायचा. अल्कलॉइड असतील तिथे नारिंगी ठिपके उमटतात. मागच्या तुकडीतल्या एका मुलीची पट्टी कोरीच राहिली. पुडी घेऊन ती परत दुकानात गेली. गादीवरच्या काकांनी पुडी हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “अगं, दोन्ही कुडाच की. तुला कडू हवा होता तर तसं सांगायचं, तो आत ठेवलाय, महाग आहे.”